सोयगांवचा डोंगर : पायीं पाहावयाचें एक संग्रहालय

वस्तुसंग्रहालय म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. मोठी इमारत, रांगेनें मांडलेलीं कांचेचीं कपाटें, प्रत्येक वस्तूखालीं एक लहानशी चिठ्ठी आणि दारांत पहारेकरी. तेथील मूर्ति कोठल्या तरी पडक्या देवळांतून आलेली असते, नाणें कोणाच्या तरी शेतांत सांपडलेलें असतें, तरवार एखाद्या जुन्या घराण्याच्या वाड्यांतून आलेली असते. वस्तु सुरक्षित राहते, हा लाभ लहान नव्हे. परंतु ती जेथें घडली आणि जेथें वापरली गेली, तें ठिकाण तिच्यापासून कायमचें तुटतें. चिठ्ठीवर गांवाचें नांव राहतें. गांवाची वाट राहत नाहीं.

याला अपवाद असलेलीं संग्रहालयेंही जगांत आहेत. नॉर्वे देशाच्या उत्तर भागांत, ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, ट्रॉम्सो नांवाचें एक शहर आहे. हिवाळ्यांत कित्येक आठवडे तेथें सूर्य क्षितिजावर येत नाहीं. सीलच्या शिकारीस जाणारीं गलबतें आणि ध्रुवप्रदेशाच्या शोधास निघालेल्या मोहिमा याच बंदरांतून बाहेर पडत. तेथें गेलेल्या प्रवाशाला वाटाड्या धक्क्याच्या कांठाकांठानें पायीं फिरवतो, आणि अखेरीस जकातीच्या एका जुन्या लांकडी वखारींत आणून सोडतो. हेंच तेथील ध्रुवीय संग्रहालय. दक्षिण ध्रुवावर प्रथम पाऊल ठेवणारा आमुंडसेन १८ जून १९२८ रोजीं याच शहरांतून विमानानें निघाला तो परत आलाच नाहीं. संकटांत सांपडलेल्या नोबिले या इटालियन वैमानिकाच्या शोधार्थ तो गेला होता. त्या घटनेस पन्नास वर्षें पूर्ण झालीं, त्याच तारखेस, १९७८ सालीं, हें संग्रहालय उघडण्यांत आलें. वखारीच्या खिडकींतून जें पाणी दिसतें, त्याच पाण्यावरून तीं माणसें गेलीं. आंतली वस्तु आणि बाहेरची जागा यांची तेथें ताटातूट झालेली नाहीं.

असें संग्रहालय आपल्या महाराष्ट्रांत आहे काय? आहे, आणि तें ट्रॉम्सोच्या वखारीहून किती तरी जुनें आहे. मात्र त्याला दार नाहीं, छप्पर नाहीं, आणि तें पाहावयाचें तर पायांस थोडे कष्ट द्यावे लागतात. छत्रपति संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकास असलेल्या सोयगांवच्या डोंगराविषयीं मी बोलत आहें.

सोयगांव हें तालुक्याचें गांव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशीं, उत्तरेच्या अंगास वसलेलें आहे. जिल्हा मराठवाड्याचा असला तरी येथील पाणी उत्तरेकडे तापीच्या खोऱ्यांत वाहतें, आणि बाजारहाटाचा ओढाही पुष्कळसा खानदेशाकडेच आहे. गांवाच्या दक्षिणेस डोंगर भिंतीसारखा उभा आहे. त्या भिंतीवर चढलें कीं गोदावरीच्या बाजूचें पठार लागतें. खालचा खानदेश आणि वरचें पठार यांना जोडणारे मोजकेच घाट या रांगेंत आहेत, आणि येथला सगळा इतिहास त्या घाटांनीं घडविला आहे. जगप्रसिद्ध लेणीं अजिंठा गांवाच्या नांवानें ओळखलीं जातात. तें गांव सिल्लोड तालुक्यांत, घाटमाथ्यावर आहे. लेणीं मात्र सोयगांव तालुक्याच्या हद्दींत, घाटाखालच्या फर्दापुराजवळ आहेत, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.

बहुतेक प्रवासी हीं लेणीं अर्ध्या दिवसांत उरकतात. मोटारीनें येतात, फर्दापुरापाशीं उतरतात, ठरलेल्या गाडीनें चार किलोमीटर आंत जातात, चार-पांच लेण्यांतून फिरतात आणि संध्याकाळच्या आंत परततात. त्यांना एक अद्‌भुत वस्तु दिसते. पण ती आकाशांतून पडल्यासारखी एकटी दिसते. ती येथेंच कां, कोणी आणि कोणत्या सामर्थ्यावर घडविली, हे प्रश्न मनांत उठण्यापूर्वींच मोटार सुटलेली असते. म्हणून माझें सांगणें असें कीं, दसऱ्यानंतर ओढ्यांचें पाणी उतरलें म्हणजे दोन-तीन दिवस हाताशीं ठेवावे, डोंगराची माहिती असलेला गांवचा एखादा जाणता माणूस बरोबर घ्यावा, आणि हें संग्रहालय त्याच्या पहिल्या दालनापासून पाहूं लागावें. तें पहिलें दालन म्हणजे हळदाघाट.

सोयगांवांतून दक्षिणेकडे निघालें कीं थोड्याच वेळांत वेताळवाडी लागते, आणि तिच्या माथ्यावर वाडीचा किल्ला दिसूं लागतो. याच डोंगराच्या कुशींत रुद्रेश्वराचें लेणें आहे. कातळांत कोरलेल्या दालनांत शिवलिंग आणि गणपतीची मोठी मूर्ति आहे. पावसाळ्यांत तेथें धबधबा कोसळतो. अजिंठ्याच्या कीर्तीपुढें या लहानशा शैव लेण्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु डोंगर कोरण्याची कला एका पंथाची नव्हती, हें सांगण्यास तें पुरेसें आहे.

वाडीच्या किल्ल्याचे बुरूज व तटबंदी अजून पुष्कळशी शाबूत आहे. किल्ल्यास दोन दरवाजे आहेत, आंत कोठाराची इमारत आहे, पाण्याचीं टाकीं आहेत, आणि सोयगांवच्या बाजूस तोंड करून उभी असलेली बारादरी आहे. त्या बारादरींत घटकाभर बसावें आणि खालीं पाहावें. घाटाची वाट आपल्या पायांखालून जाते. तिच्यावरून जाणारा बैलांचा तांडा वा घोडेस्वारांची तुकडी किल्लेदाराच्या नजरेंतून सुटणें शक्य नव्हतें. किल्ला येथें कां बांधला, याचें उत्तर पुस्तक न उघडतां मिळतें. ज्याच्या हातीं घाट, त्याच्या हातीं जकात. आणि ज्याच्या हातीं जकात, त्याच्या हातीं दोन्हीं बाजूंचा मुलूख.

मात्र वाट किल्ल्याहून फार जुनी आहे. दक्षिणेस गोदाकांठीं प्रतिष्ठान, म्हणजे आजचें पैठण. पैठण आणि हा डोंगर यांच्या मधल्या टापूंत भोगवर्धन, म्हणजे आजचें भोकरदन. तेथून डोंगर उतरून तापी आणि नर्मदा ओलांडली कीं माळव्यांतील उज्जयिनी. सातवाहनांच्या काळीं उत्तर-दक्षिण व्यापार ज्या मार्गांनीं चाले, त्यांतले कांहीं या रांगेंतून उतरत. भोगवर्धनाच्या लोकांनीं दिलेल्या देणग्यांचे लेख तर दूरच्या सांचीच्या स्तूपावर कोरलेले आहेत. व्यापाऱ्याबरोबर भिक्षु चाले. भिक्षूला पावसाळ्यांतले तीन महिने एका जागीं राहावें लागे. त्यास वाटेपासून फार दूर नसलेली, पण वाटेच्या गलबल्यापासून अलग असलेली, बारमाही पाण्याची जागा हवी असे. अजिंठ्याची दरी ही अशी जागा आहे. हळदाघाट चढतांना श्वास लागतो, तेव्हां ही गोष्ट नुसती समजत नाहीं, ती पटते.

घाट चढून पठारावर आलें कीं सिल्लोडची हद्द लागते. तेथून जंजाळा गांवाकडे वळावें. जंजाळ्यासही एक किल्ला आहे, आणि त्याच्या जवळच्या दरींत, उतरणीवर, घटोत्कच लेणें आहे. नांव महाभारतांतलें असलें तरी लेणें बौद्ध आहे, आणि तें इसवी सनाच्या पांचव्या शतकांतलें आहे. अजिंठ्याच्या पश्चिमेस दहा-बारा मैलांवर, आडरानांत तें एकटें पडलें आहे. वीस खांबांचा मोठा मंडप, भोंवतीं भिक्षूंच्या खोल्या आणि समोर गाभाऱ्यांत बुद्धमूर्ति. रंगांची शोभा येथें उरलेली नाहीं. मग एवढी पायपीट कशासाठीं? येथील शिलालेखासाठीं. या सबंध डोंगराच्या इतिहासाची अर्धी किल्ली या लेखांत आहे, आणि उरलेली अर्धी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या भिंतीवर आहे.

दोन्हीं ठिकाणीं दाता एकच आहे. त्याचें नांव वराहदेव. वाकाटक सम्राट हरिषेण याचा तो मंत्री. सोळाव्या लेण्यांतील लेखांत त्यानें आपल्या धन्याची, वाकाटकांची, वंशावळ दिली आहे. ती विंध्यशक्ति या मूळ पुरुषापासून सुरू होते. आपला पिता हस्तिभोज हा हरिषेणाच्या पित्याचा, म्हणजे देवसेन राजाचा मंत्री होता, असेंही तो सांगतो. घटोत्कच लेण्यांत मात्र राजाच्या कुळाऐवजीं त्यानें स्वतःच्या कुळाची परंपरा कोरविली. वल्लूर येथील ब्राह्मण घराण्यांत यज्ञपति नांवाचा पुरुष होऊन गेला. त्याच्यापासून पिढ्यान्‌पिढ्या मंत्रिपद सांभाळीत आलेलें हें घराणें. म्हणजे असें कीं, एका ब्राह्मण मंत्र्यानें बौद्ध भिक्षूंसाठीं दोन लेणीं कोरविलीं, एका ठिकाणीं राजाचें नांव अमर केलें आणि दुसऱ्या ठिकाणीं आपल्या पूर्वजांचें. जो केवळ अजिंठा पाहतो, त्याला वराहदेव हा दरबारी भेटतो. जो घटोत्कच पाहून अजिंठ्यास येतो, त्याला वराहदेव हा माणूस भेटतो.

हे लेख वाचण्यासाठींही आपल्या विद्वानांनीं पायपीट केली आहे, तिचें स्मरण येथें करणें उचित होईल. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं अजिंठ्याच्या लेखांचे ठसे घेऊन त्यांचें वाचन १८६३ च्या सुमारास प्रसिद्ध केलें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तें काम अधिक शुद्ध केलें. परंतु सोळाव्या लेण्यांतील लेख पावसापाण्यानें झिजलेला. कांहीं राजांचीं नांवें चुकीचीं वाचलीं गेलीं होतीं. १९३९ सालीं वऱ्हाडांत वाशीम येथें वाकाटकांचा एक ताम्रपट सांपडला, आणि त्याच्या उजेडांत नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं हा लेख पुन्हां तपासला. तेव्हां जेथें पूर्वीं भलतेंच नांव वाचलें गेलें होतें तेथें ‘सर्वसेन’ हें नांव असल्याचें ठरलें, आणि वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, येथून राज्य करणारी वाकाटकांची एक निराळी शाखा इतिहासांत प्रकाशली. अजिंठ्याचे उत्तम रंग ज्या राजवटींत चढले, ती ही शाखा. ताम्रपट वाशीमला सांपडतो, लेख अजिंठ्याच्या भिंतीवर असतो, दात्याचें कुळ घटोत्कचांत कळतें. तिन्हीं एकत्र ठेविल्यावांचून यांतला कोणताही एक पुरतेपणीं बोलत नाहीं.

आतां पठारावरून पूर्वेकडे चालत अजिंठ्यास यावें. घाटाच्या नेहमींच्या रस्त्यानें एकदम लेण्यांच्या दारांत न उतरतां, लेणापूरच्या बाजूनें दरीच्या समोरच्या कड्यावर यावें. तेथून वाघूर नदीनें कापलेली घोड्याच्या नालेसारखी दरी खालीं दिसते, आणि पलीकडच्या उभ्या कातळांत एका ओळींत कोरलेलीं सुमारें तीस लेणीं दिसतात. २८ एप्रिल १८१९ रोजीं मद्रास घोडदळांतला जॉन स्मिथ नांवाचा अधिकारी वाघाच्या शिकारीस आला असतांना त्याला हीं लेणीं दिसलीं. बहुतेक पुस्तकें ‘अजिंठ्याचा शोध लागला’ असें म्हणतात तें याच दिवसाला. हा शब्द जपून वापरावा. डोंगरांतल्या गुराख्यांना आणि वाडीवस्तीच्या लोकांना हीं लेणीं कधींच हरवलेलीं नव्हतीं. सातव्या शतकांत भारतांत आलेल्या ह्यूएन त्संग या चिनी यात्रेकरूनेंही, स्वतः येथें न येतां, महाराष्ट्राच्या पूर्वेकडील डोंगरांतील विहाराचें व त्याच्या दारांतल्या दगडी हत्तींचें वर्णन ऐकून लिहून ठेविलें आहे. स्मिथला लेणीं सांपडलीं यापेक्षां बाहेरच्या जगाला त्यांची बातमी लागली, असें म्हणणें अधिक खरें.

दरींत उतरून प्रथम दहाव्या लेण्यांत जावें. हें आणि शेजारचें नववें चैत्यगृह हीं येथील सर्वांत जुन्या लेण्यांपैकीं. इसवी सनापूर्वींच्या काळांतलीं, सातवाहनांच्या वेळचीं. दहाव्याच्या एका खांबावर स्मिथनें आपलें नांव व तारीख कोरली आहे. तें नांव आज माणसाच्या डोक्याच्याही वर आहे. जाणता वाटाड्या येथें थांबून विचारतो, ‘साहेब एवढे उंच होते काय?’ आणि मग सांगतो कीं, त्यावेळीं लेण्यांत शतकानुशतकांचा मातीदगडांचा थर साचला होता, आणि साहेब त्या ढिगाऱ्यावर उभा होता. शतकांची उपेक्षा किती खोल असते, हें याहून नेमकें कोणतें माप सांगेल?

तेथून सोळाव्या लेण्याकडे यावें. पायऱ्यांच्या तोंडाशीं दोन्हीं बाजूंस दगडी हत्ती आहेत, आणि वर भिंतीवर वराहदेवाचा लेख. घटोत्कचांतून आलेल्या वाटसरूला येथें जुना परिचित पुन्हां भेटल्याचा आनंद होतो. शेजारचें सतरावें लेणें हरिषेणाच्या एका मांडलिक राजानें करविलेलें आहे. तेथें विश्वंतराची व सिंहलाची कथा भिंतीवर पसरली आहे. पहिल्या लेण्यांत पद्मपाणि बोधिसत्त्व आहे आणि महाजनक राजाची कथा आहे. ही चित्रें कशीं काढलीं, हेंही डोळे भरून पाहतांना ध्यानांत ठेवावें. कातळावर प्रथम मातींत वाळू, भाताचा कोंडा व गवताचे तंतु मिसळून केलेला जाड लेप, त्यावर अधिक बारीक लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या बंधकांत कालविलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे रंग येथल्या येथें मिळण्यासारखे. निळा मात्र लाजवर्द दगडाचा. तो अफगाणिस्तानच्या बाजूनें आलेला. त्या निळ्या रंगाचा प्रत्येक ठिपका घाटांच्या वाटेनें चढत-उतरत येथवर पोंचला आहे. हळदाघाटांत जी गोष्ट सुरू झाली, ती या निळ्या रंगापाशीं येऊन मिळते.

येथवर संग्रहालय पाहून झालें. आतां त्यांतून बाहेर नेलेल्या वस्तूंची हकीकत ऐका; कारण माझ्या सांगण्याचा मुख्य हेतु तोच आहे.

चित्रें झपाट्यानें नष्ट होत आहेत, त्यांच्या नकला करून त्या तरी सुरक्षित ठेवाव्या, असा विचार एकोणिसाव्या शतकांत पुढें आला. १८४४ सालीं मद्रासच्या फौजेंतील रॉबर्ट गिल या चित्रकार अधिकाऱ्याची त्यासाठीं नेमणूक झाली. अजिंठा गांवच्या बारादरींत राहून त्यानें कित्येक वर्षें हें काम केलें. पारो नांवाच्या स्थानिक स्त्रीशीं त्याचें जडलेलें नातें लोकांच्या आठवणींत राहिलें. तिचें थडगें अजिंठ्यास आहे. याच सोयगांव तालुक्यांतील पळसखेड्याचे कवि ना. धों. महानोर यांनीं त्या कथेवर ‘अजिंठा’ हें दीर्घकाव्य लिहिलें. गिलचीं चित्रें लंडनजवळ सिडनहॅम येथील स्फटिकमहालांत मांडलीं होतीं. १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली आणि त्यांतलीं बहुतेक जळून गेलीं.

मग १८७२ पासून मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह येथें येऊं लागले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढें नांवारूपास आलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांत होते. ऋतूमागून ऋतु त्यांनीं कामांत घालविले. त्या नकलाही लंडनला गेल्या, आणि १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांतील आगींत त्यांतल्या पुष्कळ नाहींशा झाल्या. पुढें जपानचे चित्रकार अराई कांपो येथें आले आणि आपल्या देशीं नकला घेऊन गेले. १९२३ च्या टोकियोच्या भूकंपांत त्याही नष्ट झाल्या.

नाश होईल म्हणून नकला केल्या, त्या जपून ठेवण्यासाठीं दूर नेल्या, आणि तीन वेळां त्या दूरच्या सुरक्षित जागींच नष्ट झाल्या. ज्यांच्याविषयीं आशा सोडली होती, तीं मूळ चित्रें मात्र झिजलेलीं, कोपरे ढांसळलेलीं, तरी भिंतींवर आहेत. यांत त्या चित्रकारांची निंदा नाहीं. त्यांच्या श्रमांमुळेंच जगानें अजिंठा जाणला. १९०९ ते १९११ या काळांत लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर येथें आलेल्या नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदि तरुणांनीं येथून जें नेलें, त्यानें आधुनिक भारतीय चित्रकलेस वळण लागलें. हैदराबादच्या संग्रहालयांतील नकला आजही पाहतां येतात. परंतु नकलांच्या पायीं मूळ चित्रांनाही सोसावें लागलें, हें विसरतां येत नाहीं. रंग उठून दिसावे म्हणून नकलाकारांनीं भिंतींवर रोगण फिरविलें. १९२० नंतर निझाम सरकारनें बोलाविलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनीं निसटणारे पोपडे मोठ्या कौशल्यानें भिंतीस बसविले. पण त्यावेळीं दिलेला लाखेचा लेप कालांतरानें पिवळा पडला, आणि तो सावकाश उतरविण्याचें काम पुढच्या पिढ्यांवर आलें.

१९८३ सालीं हीं लेणीं जागतिक वारशाच्या यादींत आलीं. आज चित्रांच्या लेण्यांत झगझगीत प्रकाश पाडून छायाचित्रें घेण्यास बंदी आहे, आणि एका वेळीं थोडेच लोक आंत सोडतात. पुष्कळांना याची चीड येते. इतक्या लांबून आलों आणि पुरतें पाहूंही देत नाहींत, असें ते म्हणतात. श्रोतेहो, माणसाच्या श्वासांतली वाफसुद्धां त्या लेपाला जड होते. दीड हजार वर्षें टिकलेल्या वस्तूपुढें आपण दहा मिनिटें कमी उभे राहिलों, तर आपलें काय जातें?

आणि खरें पाहतां, तीं दहा मिनिटें थोडीं वाटतात, कारण आपण सगळा अजिंठा त्यांतच शोधीत असतों. ज्यानें हळदाघाट चढला, बारादरींतून वाट पाहिली, घटोत्कचांत वराहदेवाच्या पूर्वजांना नमस्कार केला, समोरच्या कड्यावरून दरी न्याहाळली, त्याला अंधारांत डोळा सरावेपर्यंत दिसलेला पद्मपाणि पुरेसा होतो. त्याच्या आधींचें आणि नंतरचें सारें तो बरोबर घेऊन आलेला असतो.

हें संग्रहालय कोठें नेतां येत नाहीं, हेंच त्याचें भाग्य. भिंत डोंगराची आहे, डोंगर वाटेचा आहे, आणि वाट अजून चालती आहे. तिची माहिती असलेलीं माणसें सोयगांव, जंजाळा, लेणापूर, फर्दापूर या गांवांत अजून भेटतात. चित्रांइतकीच तीही जपण्यासारखी ठेव आहे. कारण भिंतीवरचा रंग जपण्यास सरकार आहे, पण वाटेची गोष्ट सांगणाऱ्यास ऐकणारा लागतो. पुढच्या सुटींत घरांतल्या मुलांना घेऊन आपण अजिंठ्यास जाल, तेव्हां एक दिवस अधिक काढा, आणि पहिलें पाऊल लेण्यांत न ठेवतां घाटांत ठेवा.